बाहेरून आलेली अक्षरे आणि संगणकाचा गाभा

बँकेचा धनादेश लिहिताना अक्षरी रकमेच्या शेवटी ‘मात्र’ किंवा ‘फक्त’ हा शब्द लिहिण्याची रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ‘रुपये पाचशे मात्र’ असे लिहिले म्हणजे रक्कम तेथे संपली. त्यापुढील कोऱ्या जागेत कोणी काही लिहिले तरी ते ग्राह्य धरावयाचे नाही, असा त्याचा अर्थ. हा छोटासा शब्द राहून गेला, तर रक्कम कोठे संपली हे वाचणाऱ्याने कशावरून ठरवावयाचे? संगणकाच्या अंतरंगातही असाच एक ‘मात्र’ असतो. तो राहून गेला, किंवा तो येण्यापूर्वीच लिहिण्याची जागा संपली, तर कोणता अनर्थ ओढवतो आणि तो टाळण्यासाठी कोणती दक्षता घेण्यात येते, याची ओळख करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हा विषय केवळ अभियंत्यांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. आज पंचायतीत, मामलेदार कचेरीत आणि शाळेत संगणक आहे. शेतावर निघालेल्या माणसाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. यांपैकी जे भ्रमणध्वनी ‘अँड्रॉइड’ या प्रणालीवर चालतात, त्या सर्वांच्या तळाशी ‘लिनक्स’ नावाचा एकच गाभा आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा आरंभ केला. आज जगभरातील शेकडो अभियंते तो अव्याहत सुधारीत असतात.

गाभ्याला इंग्रजीत ‘कर्नल’ म्हणतात. पलटणीतील कर्नलसाहेबांशी त्याचा काही संबंध नाही; बीच्या आतील गर, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. आपला ‘गाभा’ हा शब्द मला अधिक समर्पक वाटतो, कारण त्याचे नाते गाभाऱ्याशी आहे. देवळात भाविक सभामंडपात उभा राहतो. त्याने आणलेला हार-नारळ पुजारी हाती घेतो आणि आत नेतो. संगणकातही आपण वापरतो त्या आज्ञावली, म्हणजे पत्रलेखनाची, हिशेबाची किंवा छायाचित्रांची, सर्व सभामंडपातल्याच. संगणकाची स्मृती, साठवणीची तबकडी, जाळ्याशी जोडणी यांना प्रत्यक्ष हात लावण्याचा अधिकार गाभ्याला असतो. बाहेरील आज्ञावली चुकली तर ती एकटी बंद पडते. गाभा चुकला तर सगळा संगणक बंद पडतो. आणि ती चूक कोणी जाणूनबुजून घडवून आणली असेल, तर संगणकाच्या किल्ल्या त्याच्या हाती जातात.

गाभ्याकडे बाहेरून जे जे येते त्यांत अक्षरांची रांग, म्हणजे अक्षरमालिका, हा प्रकार फार मोठा आहे. एखादी फाइल उघडावयाची तर तिचे नाव गाभ्याला सांगावे लागते. पेन ड्राइव्ह खोचला की तो आपल्या निर्मात्याचे नाव कळवतो. जवळपासचे वाय-फाय जाळे हवेतून आपले नाव घोषित करीत असते. ही नावे कोणी, कशी आणि कोणत्या हेतूने लिहिली, हे गाभ्याला ठाऊक नसते. म्हणून ती सर्व परकी समजावयाची, हा पहिला नियम.

शून्याचा पूर्णविराम

संगणक अक्षरे बाइट नावाच्या लहान लहान घरांत साठवतो. रोमन लिपीतील एका अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक वर्णाला आणि प्रत्येक चिन्हाला, आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत, तीन बाइट लागतात. ‘गोवा’ हा शब्द घ्या. ग, त्याचा ओकार, व आणि त्याचा काना अशा चार गोष्टी. म्हणजे बारा बाइट. लिनक्सचा गाभा बहुतांशी ज्या ‘सी’ भाषेत लिहिलेला आहे, तिच्या रीतीप्रमाणे यापुढे तेराव्या घरात शून्य ठेवले जाते. ते शून्य म्हणजेच आपला ‘मात्र’. ‘गोवा’ किती लांब आहे हे वेगळे कोठेही लिहिलेले नसते. शून्य भेटेपर्यंत वाचत जावयाचे, एवढेच.

ही रीत कोठून आली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. सीच्या आधीच्या बीसीपीएल या भाषेत अक्षरमालिकेच्या आरंभीच तिची लांबी लिहून ठेवीत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी ‘बी’ ही भाषा तयार केली, तेव्हा लांबीचा आकडा एका लहान घरात मावला पाहिजे हे बंधन त्यांना जाचक वाटले आणि त्यांनी शेवटी खूण ठेवण्याची पद्धत स्वीकारली. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत डेनिस रिची यांनी बीमधून सी भाषा घडविली, तेव्हा ती पद्धत तशीच पुढे आली. त्या वेळी संगणक थोडे होते आणि ते वापरणारे बहुधा एकमेकांना ओळखत होते. परका माणूस मुद्दाम वाकडे नाव पाठवील, ही शंका त्या काळी कोणाला फारशी शिवली नसावी.

या पद्धतीतली अडचण नक्कल करताना उघड होते. सी भाषेत ‘स्ट्रकॉपी’ नावाची एक जुनी आज्ञा आहे. ती शून्य भेटेपर्यंत एका जागेवरून दुसऱ्या जागी अक्षरे उतरवीत जाते. दुसरी जागा केवढी आहे, हे ती विचारीत नाही. सोळा घरांच्या जागेत चाळीस बाइटांचे नाव आले तर उरलेली चोवीस अक्षरे शेजारच्या घरांत जाऊन बसतात. त्या शेजारघरांत काय असेल? कदाचित दुसऱ्याचे नाव. कदाचित ‘हा वापरकर्ता कोण, याला कोणते अधिकार’ याची नोंद. कदाचित यानंतर कोणते काम करावयाचे त्याचा पत्ता. अर्जातील नावाची चौकट ओलांडून लिहिलेली अक्षरे ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ या रकान्यात गेली आणि तेथे ‘मंजूर’ असे उमटले, असाच हा प्रकार.

हे काल्पनिक नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली अमेरिकेतील संगणकांच्या जाळ्यात पसरली. ‘फिंगर’ नावाची एक सेवा येणारा मजकूर ५१२ बाइटांच्या जागेत घेत असे; या आज्ञावलीने तेथे ५३६ बाइट पाठविले. जास्तीच्या चोवीस बाइटांनी तो संगणक परक्याच्या ताब्यात दिला. ती सेवा गाभ्याचा भाग नव्हती, पण दोष हाच होता. मजकूर घेणारी जी ‘गेट्स’ नावाची आज्ञा या घटनेस कारण झाली, ती सी भाषेच्या प्रमाणग्रंथातून २०११ साली काढून टाकण्यात आली. तेवीस वर्षांनी!

यावर उपाय म्हणून ज्या आज्ञा आल्या, त्यांचेही गुणदोष पाहण्याजोगे आहेत. ‘स्ट्र-एन-कॉपी’ ही आज्ञा जागेची मर्यादा पाळते. परंतु नाव नेमके त्या मर्यादेइतके किंवा अधिक लांब असले, तर शेवटचे शून्य लिहीतच नाही. मुळात ती जुन्या युनिक्स प्रणालीतील फाइलनावांच्या चौदा अक्षरी ठरावीक चौकटींसाठी योग्य होती. तेथे चौकट भरली की नाव संपले, वेगळ्या खुणेची गरज नव्हती. ती आज्ञा इतरत्र वापरली म्हणजे धनादेशावर ‘मात्र’ नसल्यासारखे होते. पुढे १९९८ साली ओपनबीएसडी या प्रणालीच्या मंडळींनी ‘स्ट्र-एल-कॉपी’ आणली. ती शून्य न चुकता लिहिते, पण मूळ नाव किती लांब होते हे कळविण्यासाठी ते शेवटपर्यंत वाचून पाहते. परक्याच्या नावाला शेवटच नसेल तर ती भरकटते. लिनक्सने २०१५ साली ‘स्ट्र-एस-कॉपी’ स्वीकारली. ही जागेपलीकडे लिहीत नाही, शून्य अवश्य ठेवते, गरजेपेक्षा अधिक वाचत नाही आणि नाव मावले नाही तर ‘मावले नाही’ असे स्पष्ट सांगते. यानंतर जुन्या आज्ञा एकेका ठिकाणाहून काढण्याचे कंटाळवाणे काम अनेकांनी वर्षानुवर्षे केले, तेव्हा कोठे २०२४ च्या आरंभी ‘स्ट्र-एल-कॉपी’ लिनक्सच्या गाभ्यातून पूर्णपणे गेली.

‘मावले नाही’ असे सांगण्याचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक कामाचे एक छोटे नाव गाभा सोळा बाइटांत ठेवतो. शेवटच्या शून्याचा एक बाइट वजा जाता उरले पंधरा. म्हणजे देवनागरीचे पाच वर्ण वा चिन्हे. आता ‘ग्रामसभा’, ‘ग्रामसेवक’ आणि ‘ग्रामपंचायत’ अशा नावांच्या तीन आज्ञावली चालविल्या तर तिघींचे छोटे नाव एकच होईल: ‘ग्राम’. हे नाव केवळ दाखविण्यासाठी असते, त्यावर कोणताही निर्णय अवलंबून नसतो, म्हणून तेथे हे चालते. पण कोणाला आत सोडावयाचे आणि कोणाला नाही, हे ठरविणाऱ्या नावाला अशी मुकाट्याने कात्री लागली तर? ‘रामचंद्र’ म्हणून आलेला माणूस ‘राम’ म्हणून नोंदला जाईल, आणि राम हा तर गावातला दुसराच कोणी असेल. अशा ठिकाणी नाव तोडून घेण्यापेक्षा अर्ज परत करणे बरे. कार्यालयात अर्ज परत करणारा लिपिक लोकांना आवडत नाही, हे खरे. येथे मात्र त्याचीच बाजू योग्य आहे.

एका वजाबाकीची कथा

मर्यादा तपासली म्हणजे काम झाले, असेही नाही. ती कोणत्या रीतीने तपासली, हेही पाहावे लागते. गणिताच्या शिक्षकांनी पुढील हकीकत अवश्य वर्गात सांगावी.

साठवणीची एखादी तबकडी वापरात घेताना काही पर्याय गाभ्याला कळवावे लागतात. ती फक्त वाचावयाची की तिच्यावर लिहावयाचेही, इत्यादी. हे पर्याय अक्षरांत येतात आणि एका मार्गाने ते ४०९६ बाइटांच्या एकाच पानावर स्वल्पविराम देऊन एकापुढे एक मांडले जातात. प्रत्येक पर्यायाचे नाव आणि त्याचे मूल्य यांना प्रत्येकी २५६ बाइटांची मर्यादा घातलेली होती. पर्यायाच्या मजकुरात स्वल्पविराम असेल तर तो नाकारला जाई, कारण नाहीतर एकाच पर्यायाचे दोन पर्याय झाले असते. शिवाय पान भरले की नाही, हेही तपासले जाई. म्हणजे लिहिणारा निष्काळजी नव्हता.

तपासणी अशी होती: नव्या पर्यायाची लांबी ‘४०९६ वजा २ वजा आतापर्यंत भरलेली जागा’ यापेक्षा मोठी असेल तर तो नाकारावा. त्यातील २ म्हणजे एक स्वल्पविराम आणि एक अखेरचे शून्य. आता कोणी मोजूनमापून असे पर्याय पाठविले की नेमकी ४०९५ घरे भरली आणि शेवटच्या घरात शून्य बसले. पान काठोकाठ भरले. पुढचा पर्याय येतो. ४०९६ वजा २ वजा ४०९५ किती? उणे एक. परंतु ज्या प्रकारच्या अंकांत हा हिशेब चालला होता, त्यांत उणे संख्याच नाहीत. मोटारीचा अंतर मोजणारा काटा शून्यावरून उलटा फिरविला तर जसा सर्व नऊंवर जातो, तसे हे उत्तर सर्वांत मोठ्या संख्येवर जाते. ती संख्या अठरावर अठरा शून्ये लिहिली असता जी येईल तिच्याहूनही मोठी आहे. नवा पर्याय तिच्यापेक्षा लहान असणारच! तपासणी पार पडली, आणि अक्षरे पान ओलांडून शेजारी उतरली.

हा दोष २०१९ साली लिनक्सच्या ५.१ या आवृत्तीबरोबर आला आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस येऊन दुरुस्त झाला. सीव्हीई-२०२२-०१८५ असा त्याचा नोंदणी क्रमांक आहे. लिनक्सच्या पुष्कळ वितरणांत साध्या वापरकर्त्यालाही स्वतःपुरते एक वेगळे अधिकारक्षेत्र निर्माण करता येते. त्याचा आधार घेऊन त्याला या वाटेने संपूर्ण संगणकाचा मुखत्यार होता येत होते.

दुरुस्ती एका ओळीची. वजाबाकीऐवजी बेरीज: ‘भरलेली जागा अधिक नवी लांबी अधिक २’ हे ४०९६ पेक्षा मोठे असेल तर नाकारावे. बीजगणिताच्या वहीत या दोन्ही असमता एकच आहेत आणि कोणताही परीक्षक दोहोंना सारखेच गुण देईल. यंत्राच्या गणितात त्यांच्यात जवळजवळ तीन वर्षांच्या असुरक्षिततेचे अंतर पडले.

वाय-फायच्या नावाबाबतही २०१९ मध्ये असाच दोष सापडला होता. या नावाला प्रमाणानुसार ३२ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम दहा वर्णचिन्हे. नावाच्या अखेरीस शून्याची खूण नसते. त्याआधी एका बाइटात लांबी लिहिलेली असते. पण एका बाइटात २५५ पर्यंतचा आकडा लिहिता येतो! पाठविणाऱ्याने लिहिलेला आकडा ३२ च्या आत आहे की नाही, हे गाभ्याच्या एका जुन्या वाटेवर पाहिले जात नव्हते. आपण लांबी आधी लिहिण्याच्या पद्धतीकडे परतलो तरी भागत नाही, हे यावरून दिसून येते. परक्याने सांगितलेली लांबीही परकीच.

प्रत आधी, तपासणी नंतर

आणखी एक सूक्ष्म बाब आहे. आज्ञावली गाभ्याला नाव सांगते म्हणजे प्रत्यक्षात ‘माझे नाव स्मृतीच्या अमुक घरापासून लिहिले आहे’ असा पत्ता देते. एखाद्याने कचेरीत येऊन ‘माझा अर्ज साहेबांच्या कुलूपबंद कपाटात तिसऱ्या खणात आहे, तो वाचा’ असे म्हटले, तर लिपिकाने कपाट उघडून वाचावयास लागावे काय? गाभ्याच्या स्वतःच्या खासगी स्मृतीचा पत्ता कोणी दिला तर नेमके हेच घडेल. म्हणून बाहेरील मजकूर आणण्यासाठी ‘कॉपी फ्रॉम यूजर’ यासारख्या खास आज्ञा ठेवल्या आहेत. दिलेला पत्ता बाहेरच्या हद्दीतलाच आहे, याची त्या प्रथम खात्री करून घेतात.

यात क्रमालाही महत्त्व आहे. समजा, अर्ज अर्जदाराच्याच हातात आहे आणि लिपिकाने तो नजरेने तपासून ‘ठीक’ म्हटले. शिक्का मारण्यासाठी तो पुन्हा हातात घेईपर्यंत अर्जदाराने त्यातील एक ओळ बदलली. लिपिकाने तपासला एक कागद, शिक्का पडला दुसऱ्यावर. संगणकात एकाच आज्ञावलीचे अनेक धागे एकाच वेळी चालू असतात. त्यामुळे एका धाग्याने नाव सादर करावयाचे आणि दुसऱ्याने ते तपासणीनंतरच्या क्षणात बदलावयाचे, हे सहज शक्य असते. यास्तव नियम असा, की परका मजकूर एकदाच आत आणावा, आपल्याजवळच्या प्रतीचीच तपासणी करावी आणि पुढील सर्व काम त्याच प्रतीवर करावे. फाइलच्या मार्गाचे नाव लिनक्स असेच हाताळतो: ४०९६ बाइटांच्या मर्यादेत ते एकदा उतरवून घेतले, की पुन्हा बाहेर डोकावावयाचे नाही.

लांबी बरोबर, शेवट बरोबर, प्रतही घेतली. तरी मजकूर आज्ञेच्या जागी वाचला गेला तर घात होतो. गाभा आपल्या रोजनिशीत ‘प्रिंट-के’ या आज्ञेने नोंदी लिहितो. तिला एक नमुना द्यावयाचा असतो. त्यात टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे ‘एस’ हे अक्षर आले, की ‘येथे पुढचे नाव भरा’ असा त्याचा अर्थ होतो. आपल्या छापील अर्जातील ‘श्री. ........ राहणार ........’ यासारखाच. आता एखाद्याने आपले नावच ‘श्री. ........’ असे टिंबांसह लिहून दिले आणि लिपिकाने ते नाव म्हणून न घेता कोरा नमुना म्हणून घेतले, तर तो मेजावरच्या हाती लागेल त्या कागदावरून टिंबे भरू लागेल. २०१३ साली लिनक्समधील काही ठिकाणी, त्यांत बी-४३ या वायरलेस उपकरणाच्या चालक-आज्ञावलीत, असा दोष आढळला. उपाय सोपा आहे: नमुना नेहमी आपला असावा आणि परके नाव त्यातील रिकाम्या जागीच भरावे.

माणसाचे लक्ष कधी ना कधी चुकणार, हे ओळखून यंत्रालाच पहारेकरी नेमण्याचेही प्रयत्न झाले आहेत. बाहेरून आत किंवा आतून बाहेर नेला जाणारा मजकूर ठरलेल्या जागेपेक्षा मोठा आहे काय, हे पाहणारी एक तपासणी २०१६ साली लिनक्समध्ये आली. नक्कल करणाऱ्या आज्ञांनी जागेची मर्यादा ओलांडताच काम थांबविणारी दुसरी २०१७ साली. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून गाभ्याचे नवे भाग ‘रस्ट’ या भाषेत लिहिण्याची सोय झाली. त्या भाषेत अक्षरमालिकेसोबत तिची लांबी कायम बाळगली जाते आणि मर्यादेबाहेर जाण्याचा प्रयत्न तेथल्या तेथे अडविला जातो. तथापि सी भाषेतील कोट्यवधी ओळी आजही वापरात आहेत. त्या एका रात्रीत बदलणार नाहीत, आणि बदलू नयेत असेही जाणकारांपैकी काहींचे मत आहे.

वर सांगितलेली एका ओळीची दुरुस्ती हेलसिंकीत झाली काय किंवा आणखी कोठे झाली काय, ती आपल्या संगणकात किंवा भ्रमणध्वनीत आपोआप उगवत नाही. ती ‘अपडेट’ या नावाने येते. अँड्रॉइडसाठी अशा सुरक्षा-दुरुस्त्या २०१५ पासून दरमहा जाहीर केल्या जातात. प्रत्येक कंपनी त्या आपल्या ग्राहकांपर्यंत वेळेवर पोहोचवतेच असे नाही. भ्रमणध्वनीच्या ‘सेटिंग्ज’मध्ये प्रणालीची माहिती देणारे जे पान असते, तेथे ‘सुरक्षा अपडेट’ या शब्दांपुढे एक तारीख दिसते. त्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या त्या यंत्रात आहेत, एवढे समजावे. पंचायत कार्यालये व शाळा यांनी आपल्या संगणकांवरील अशी तारीख महिन्यातून एकदा पाहून नोंदवहीत टिपून ठेवावी, आणि ती दोन-तीन महिने पुढे सरकलेली नसल्यास देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञास लेखी कळवावे.